बाई तापात काही बोलल्या का?

बाई, सगळ्यांत आधी तुम्हाला हवी असलेली बातमी देतो. तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणजे बोललात पुष्कळ, अख्खा वॉर्ड पलंगावर उठून बसेल इतकं बोललात, पण जे बोलायचं नव्हतं ते नाही बोललात. आता निवांत पडा.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी रडलो. खरं रडलो. दिगू स्टेजवर रडतो तेव्हा पहिल्या रांगेला कांद्याचा वास येतो, असं तुम्ही म्हणायचात, तसलं नव्हे. पण रडून झालं, तोंड धुतलं, आणि टॉवेलनं पुसता पुसता मनात काय आलं सांगू? सुटलो. निभावलं एकदाचं. आता हे लोकांना सांगायची सोय आहे का? तुमची भाची प्रमिला हुंदके देत होती, तुमच्या वस्तीतली माणसं बुद्धवंदना म्हणत होती, आणि मी मान खाली घालून उभा होतो ती दुःखानं नव्हे; चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव कोणाला दिसू नये म्हणून.

गर्दी मात्र बघण्यासारखी होती. तुम्ही खूश झाला असतात. सुताचे व्यापारी, रंगवाले, वकील, डॉक्टर, नगरपालिकेतले दोघे एकमेकांचे हाडवैरी, ज्याच्या ज्याच्या घरी टेलिफोन तो तो हजर. सरकारी नोकरीतल्या एका ऑपरेटर बाईसाठी भिवंडीतली इतकी बडी माणसं चालत आली, हे बघून तुमच्या वस्तीतली म्हातारी माणसं चकित झाली. मला कारण माहीत होतं. एकेक जण माझ्या कोपराला धरून मला बाजूला घेत होता आणि आवाज बारीक करून एकच विचारत होता, "दिगंबरराव, बाई तापात काही बोलल्या का?"

बाई, मी माणूस आहे. मी दर वेळी आधी आभाळाकडे बघायचो. मग एक सुस्कारा. मग खर्जात, "बोलल्या." एवढं म्हणून थांबायचो. समोरच्याचा चेहरा पांढऱ्या मांजरपाटासारखा झाला की म्हणायचो, "नंबर प्लीज, म्हणाल्या." त्या माणसाच्या छातीतून जो श्वास सुटायचा ना, तसला श्वास आमच्या कुठल्याही नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांतून सुटलेला मी ऐकलेला नाही. एवढ्या गमतीची माफी असावी.

हे वाचणाऱ्यांत आपल्या धंद्यातले नसलेले लोक असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. तुम्हाला तोंडपाठ आहे, तुम्ही तोवर डोळे मिटा. भिवंडीत आपोआप लागणारे फोन अजून यायचे आहेत. इथं रिसीव्हर उचलला की आमच्या बोर्डावर दिवा लागतो, आम्ही नंबर विचारतो आणि एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खोचतो. झाला फोन. दोरीच्या शेजारी एक चावी असते. ती पुढे केली की दोघांचं बोलणं ऑपरेटरच्या कानात. चावी पुढे करावी लागते कारण लाइन लागली की नाही ते बघायचं असतं. पण लागली हे कळल्यावर ती मागे कधी घ्यायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सगळ्या गावाची लग्नं, दिवाळी, आजार, भानगडी त्या एका चावीच्या अलीकडे. आणि आमचे यंत्रमागवाले, म्हणजे लूमवाले तर, आयुष्य धडधडाटात गेल्यामुळे, असे ओरडून बोलतात की त्यांचं बोलणं नुसत्या तोंडानंही कल्याणपर्यंत पोचावं.

मी नवीन लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही मला स्टुलावर बसवून विचारलंत, "दिगू, घरात सासरा येतो तवा आधी काय करतो?"

मी म्हटलं, "जेवायला मागतो."

"त्याच्या आधी."

"चपला काढतो."

"त्याच्याबी आधी, मेल्या."

"खोकतो."

"का खोकतो?"

"सुनांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून."

"मग तूपण खोकायचं. दोन माणसं बोलत्यात तिथं चावी पुढं करायची तर आधी खोकायचं. न्हाय खोकलास तर तू चोर."

असा आपल्या एक्स्चेंजचा कायदा झाला. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या साहेबाची सही नाही. सगळ्या मुली, सगळे बाप्ये, लाइनीत शिरायच्या आधी खोकायचे. गावालाही सवय झाली. खोकला आला की व्यापारी सुताचं बोलणं सोडून एकमेकांच्या पोरांची तब्येत विचारायला लागायचे. ठाण्याहून तपासणीला आलेले ते साहेब आठवतात? अर्धा तास खोलीत बसले आणि त्यांनी शेरा दिला की लूमच्या रुईमुळे येथील कर्मचाऱ्यांची छाती खराब झाली आहे, खिडक्या बंद ठेवाव्यात. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे तुमच्या कायद्यापायी शिजलो, बाई.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, एवढ्या गोष्टी कानातून जातात, त्या नुसत्या जाऊ द्यायच्या? एकेक गोष्ट तीन अंकांची असते! तुम्ही चहाचा कप बशीत ठेवायचात आणि म्हणायचात, "आपण दोरी हायत, दिगू."

"दोरीला कान नसतात, बाई."

"मग तुझे काढून घरी ठेवून येत जा. नंबर ऐकण्यापुरता एक आण."

बोर्डावर बसलात की तुमची भाषा पुस्तकासारखी व्हायची. "कृपया थांबा." "आपला आवाज येत नाही." हेडफोन उतरवला की पुन्हा तुमच्या अंजूर गावची बोली. "हाय का न्हाय तुला अक्कल?" हा बदल तुम्ही इतका झटक्यात करायचात की मी नाटकवाला असून मला तो कधी साधला नाही.

आता तिच्याबद्दल. तिचं नाव मी इथंही घेत नाही. गल्ली आणि दुकानही थोडं इकडचं तिकडं केलं आहे. नेपथ्य बदललं तरी नाटक तेच राहतं. तिचा नवरा कामतघरचा लूमवाला. आमच्या नाट्यमंडळाच्या प्रयोगाला दोघं दर वर्षी पुढच्या खुर्च्यांवर बसायचे. एका वर्षी मध्यंतरात मी सगळ्यांना चहा देत फिरत होतो. तिनं कप घेतला नाही. "नको भाऊ," म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. तो हात कपाचा कान धरण्यासारखा राहिलेला नव्हता, ते मी बघितलं. मी बघितलेलं तिनं बघितलं. मग तिसरा अंक मी कसा केला ते मला आठवत नाही.

काही महिन्यांनी, दुपारी शिफ्ट सुटते त्या गर्दीत, हातात डबा घेऊन, कामावरून परतणाऱ्या बायकांमध्ये मिसळून ती निघून गेली. कुठं गेली ते आईलाही सांगितलं नाही. आई इथल्याच निजामपुऱ्यात एकटी. तिथल्या औषधांच्या दुकानात फोन होता. लूमच्या सुट्टीच्या दिवशी गाव शांत असतं, समोरच्याचं ऐकू येतं, म्हणून त्याच दिवशी तिचा परगावहून ट्रंक कॉल यायचा आणि तो तुमच्याच ड्युटीत यायचा. दुकानातले चाचा शटर अर्धं खाली ओढून म्हातारीला स्टुलावर बसवायचे. म्हणायचे, "अम्मा, आराम से बोलो, मैं बाहर हूँ."

ट्रंक कॉल आला की पलीकडचा ऑपरेटर आधी गावाचं नाव सांगतो, ही आपली रीत. आपण ते नाव पुन्हा उच्चारून पक्कं करतो आणि मग दुकानाला सांगतो, अमुक गावाहून फोन आहे. तुम्ही त्या एका कॉलला रीत मोडलीत. पलीकडून नाव आलं की "हं" म्हणायचात आणि दुकानाला नुसतं "ट्रंक आहे". येणाऱ्या कॉलचं बिल तिकडच्या गावी, त्यामुळे आपल्याकडे कागदाचा चिटोराही नाही. म्हणजे ती कुठं राहते ही गोष्ट अख्ख्या भिवंडीत एकाच जागी होती. तुमच्या डोक्यात.

नवऱ्याला हे उमगायला वेळ लागला नाही. तो आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बाई, मी काय दुश्मन आहे का? बायको आहे माझी. गाव सांगा, मी तिला सन्मानानं घेऊन येतो."

तुम्ही म्हणालात, "लाइनीवरची माहिती देता येत नाही."

"मी वर साहेबांना सांगेन."

"सांगा ना. नंबर लावून देऊ त्यांचा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. मग तो माझ्या मागं लागला. माझं व्यसन त्याला ठाऊक होतं. आमच्या मंडळाचा पडदा तेव्हा इतका फाटला होता की पडद्यामागच्या राजाची लुंगी लोकांना दिसायची. "दिगंबरराव, नवीन मखमली पडदा देतो. जांभळा. सोनेरी झालरीचा. फक्त एक गाव सांगा." बाई, मी त्या पडद्याची स्वप्नं बघितली. पण मला गाव माहीतच नव्हतं! मी तुमच्याकडं रागानं आलो. म्हटलं, "एवढी वर्षं शेजारी बसतो. माझ्यावर भरवसा नाही?"

तुम्ही हेडफोनची तार सोडवत होतात. मान वर न करता म्हणालात, "भरवसा हाय रं. पण तुला म्हायती झालं तर तुला त्याच्याशी खोटं बोलावं लागंल. आणि खोटं तुला जमत न्हाय. स्टेजवरबी न्हाय जमत."

मी चार दिवस तुमच्याशी बोललो नाही. त्यातले तीन दिवस तुमच्या ते लक्षातही आलं नाही, हे मला नंतर कळलं.

आणि मग हा ताप. आधी साधा वाटला. मग डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं की साधा नाही. तुम्ही मला दवाखान्यात बोलावून घेतलंत. ओठ सुकले होते, पण भाषा अंजूरची शाबूत होती.

"दिगू, ताप डोक्यात चढतोय. रातच्याला मी काय बडबडले ते मला ठावं न्हाय. प्रमिला सांगतेय, मावशी तू बोलत होतीस."

"सगळेच बोलतात, बाई."

"सगळ्यांच्या डोक्यात गाव न्हाय. ही गुपितं माझी असती तर म्हणले असते, मेली बाहेर पडली तर पडू दे. ती माझी न्हायत. शुद्ध असंस्तोवर मी दात आवळून ठेवीन. शुद्ध गेली की तोंडाला कडी घालणारा कोणतरी पायजे. तू बस हितं."

मी उडालोच. "मी? अख्ख्या भिवंडीत मीच सापडलो? आपल्या एक्स्चेंजमध्ये मुक्यासारखी माणसं आहेत!"

"मुकी माणसं काय कामाची? तुझा आवाज मोठा हाय."

आयुष्यात माझ्या अभिनयाबद्दल तुम्ही काढलेला हा एवढाच बरा शब्द.

मी रजा टाकली आणि पलंगाशी बसलो. भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. बाई, त्या वॉर्डात इतकी फळं कधी आली नसतील. संत्री ठेवायची, खाली वाकायचं, "कशी आहे तब्येत?" विचारायचं आणि वाकलेलंच राहायचं, कान तुमच्या तोंडाजवळ. सुताचा एक व्यापारी तर इतका वाकला की प्रमिलेला वाटलं तो पाया पडतोय. तिनं त्याला उठवलं. तुम्ही मधूनच "नंबर प्लीज" म्हणायचात आणि सगळे दचकायचे. ही माणसं निरुपद्रवी होती. त्यांना तुम्ही गप्प हव्या होतात. तुम्ही बोलावं अशी इच्छा धरणारा एकच माणूस होता आणि तो दुपारी आला.

मोसंब्यांची पिशवी. पांढरा शर्ट. प्रमिलेला म्हणाला, "बाई मला आईसारख्या." त्या पोरीला काय माहीत! तिनं त्याला उशाशी स्टूल दिलं, माझ्या समोर, तुमच्या पलीकडे. तो बसला, हाताची घडी घातली आणि वाट बघू लागला. घाई नाही, काही नाही. तुमचं अंग विस्तवासारखं होतं आणि डोळे मिटलेले. मला त्याला हाकलता येईना. काय म्हणून हाकलू? आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस.

आणि तुम्ही सुरू झालात. तुमचा उजवा हात चादरीवर दोरी शोधत होता. आवाज एकदम बोर्डावरचा, स्वच्छ. "हॅलो. भिवंडी बोलतेय. हां, ट्रंक. कुठून?"

तुम्ही 'कुठून' विचारलंत म्हणजे पुढं काय येणार ते मला माहीत होतं. एवढ्या वर्षांची रीत. पलीकडून गाव येणार आणि ते पक्कं करायला तुम्ही ते तोंडानं म्हणणार. शुद्धीत तुम्ही "हं" म्हणायचात. तापात रीतच जिंकणार. नवऱ्यालाही कळलं. घडी सुटली, मान पुढे आली.

मला काय सुचलं देव जाणे. मी उठून उभा राहिलो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडलो, "हॅलो भिवंडी! मालेगाव! मालेगाव बोलतंय!"

तुमच्या कपाळावर आठी पडली. डोळे मिटलेलेच. "मालेगाव, कृपया थांबा. लाइन बिझी आहे."

"हॅलो भिवंडी! इचलकरंजी!"

"इचलकरंजी, आपला आवाज येत नाही. जरा मोठ्याने."

मोठ्याने! मी छाती भरून घेतली आणि पुन्हा इचलकरंजी लावली. नर्स धावत आली. "अहो, हा दवाखाना आहे!" शेजारच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले आणि म्हणाले, "सिस्टर, लागतायत तर लागू द्या. भाऊ, माझ्या पोराला सुरतेला लावा ना जरा." मी सुरत लावली. तुम्ही सुरतेला सांगितलंत की तीन मिनिटं झाली, वाढवायची आहेत का. आजोबा म्हणाले, वाढवा.

नवरा ओरडला, "हे काय नाटक चालवलंय?"

"तुम्ही दर वर्षी फुकट बघता तेच," मी म्हटलं. आणि पुढचं गाव घ्यायला तोंड उघडलं, तर मला दमच उरला नव्हता. माणूस मी मध्यमवयीन, त्यात बिडी. त्या एका क्षणात सगळं जाणार होतं.

तेव्हा तुम्ही आपणहून सुरू केलंत. मी काही न म्हणता. "सोलापूर. थांबा. नाशिक, बोला. धुळे, बोला. पालघर, आपला नंबर लागत नाही. बेळगाव. नगर. वसई. मिरज, आपण नंतर आहात. जळगाव, बोला..." एकामागून एक, एका सुरात, प्रत्येक गाव जसं काही लाइनीवर ताटकळत आहे. मी खाली बसलो. नवऱ्याचे ओठ हलत होते, तो पाठ करत होता. नाशिक, धुळे, पालघर. मग तो मागे पडला. मग त्यानं बोटं मोजायला घेतली. मग बोटंही संपली. तुम्ही कोकण संपवून खानदेशातून वऱ्हाडात शिरलात तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "यातलं कुठलं?"

"सगळीच," मी म्हटलं.

तो उठला. जाताना मोसंब्यांची पिशवी परत घेऊन गेला. प्रमिला बघतच राहिली. आजोबा म्हणाले, "एवढ्यात निघाला? अजून नागपूर यायचंय."

संध्याकाळी तुम्हाला थोडी शुद्ध आली, चमच्यानं पाणी घेतलंत. मी विचारणार होतो, बाई, ती गावं तापानं म्हटली की तुम्ही? पण पाणी पिताना तुमचा चेहरा इतका थकलेला होता की म्हटलं, उद्या विचारू. सकाळी तुम्ही गेलात. एवढं एक राहिलं. माझ्यासारख्या माणसाला एवढं एक राहणं किती जड जातं, हे तुम्हालाच कळेल.

तुमच्यानंतर आलेल्या लूमच्या पहिल्या सुट्टीला ती ड्युटी मी मागून घेतली. गाव शांत होतं. ट्रंकचा दिवा लागला. पलीकडच्या ऑपरेटरनं गावाचं नाव सांगितलं.

मी "हं" म्हटलं. आणि हसू फुटलं, बाई, मोठ्यानं, शेजारची मुलगी दचकली. कारण ते गाव त्या दुपारी तुमच्या तोंडून आलंच नव्हतं. कोकण, खानदेश, वऱ्हाड, देश, सगळं फिरलात, आणि तेवढं एक गाव तुम्ही असं वळसा घालून गेलात जसं ते नकाशावरच नाही. ताप होता तर होता. ताप दाराबाहेर बसला होता, आत जायची त्याची टाप नव्हती. (नवऱ्याच्या हाती हा मजकूर पडला, तर त्यानं लगेच ती गावं खोडायला घेऊ नयेत. मी हे खोटंही सांगत असेन. मला आता थोडं जमायला लागलं आहे.)

मग ती लाइनीवर आली. "बाई, निजामपुरा द्या."

"देतो," मी म्हटलं.

पुरुषाचा आवाज ऐकून तिनं विचारलं, "बाई कुठं आहेत?"

बाई, बातमी सांगण्यात माझा हात कोणी धरत नाही हे सगळ्या गावाला माहीत. त्या वेळी एवढंच म्हटलं, "बाई गेल्या. तापात."

तिचा श्वास ऐकू येत होता. ट्रंकची मिनिटं चालली होती. मग तिनं विचारलं, "तुम्ही ते नाटकातले दिगंबर ना?"

"हो."

"म्हणजे आता हे गाव तुम्हाला कळलं."

"कळलं."

"मग मी आता फोन करत नाही," ती म्हणाली. रागानं नाही. पोळ्या झाल्यावर हाताचं पीठ झटकावं तसं, हिशेब संपवल्यासारखं. "आईला एवढं सांगा, मी बरी आहे."

ती रिसीव्हर ठेवणार हे मला तारेतून जाणवलं. तिनं ठेवला असता तर म्हातारीला तो आवाज पुन्हा ऐकू येणार नव्हता, आणि त्याचं कारण मी असणार होतो, माझं अख्ख्या गावात गाजलेलं तोंड. शपथ घ्यावीशी वाटली. तुमची शपथ, रंगदेवतेची शपथ, दोन्ही ओठांवर आल्या आणि दोन्ही मला नाटकी वाटल्या.

मी म्हटलं, "आई दुकानात येऊन बसल्या आहेत. सकाळपासून. चाचांनी शटर खाली घेतलंय, मघाशी त्यांनीच फोनवर सांगितलं. मी दोरी लावतो आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवतो. घड्याळ बघून वेळ मोजेन. तुमचं बोलणं मला ऐकू येणार नाही. गावाचं म्हणाल, तर ते बाईंना माहीत होतं, आता मला आहे. तिसऱ्याला होणार नाही."

दूर तिच्या बाजूला कोणीतरी पाणी भरत होतं, बादलीचा आवाज येत होता. निजामपुऱ्याचं भोक माझ्या समोर होतं, दोरी माझ्या हातात होती, आणि मला एवढंच कळत होतं की एरवी माझ्या जिभेवर बसलेला तो सगळा प्रेक्षकवर्ग उठून गेला आहे आणि खोलीत फक्त तिचा होकार किंवा नकार यायचा बाकी आहे.

"जोडा," ती म्हणाली.